क्रेडिट सोबत येतात, पेपर येतात का?

पुढच्या वर्षी विद्यापीठ बदलायचे असे आधीच ठरवून पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. वडील पोलिसात, रेल्वेत किंवा बँकेत असले की दीड-दोन वर्षांत बदली येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. पुण्या-मुंबईच्या गुणवत्ता यादीत नाव आले नाही म्हणून गावाजवळच्या महाविद्यालयात नाव घालून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी मुले असतात. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च निदान एक वर्ष वाचावा म्हणून घरी राहणारी असतात. आणि शिकत असतानाच लग्न ठरलेल्या, सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत असलेल्या मुली असतात. बदल्यांच्या चर्चेत या मुलींचा विषय फारसा निघत नाही, म्हणून तो इथे सुरुवातीलाच काढला आहे.

या सगळ्यांपुढे जून महिन्यात एकच प्रश्न उभा राहतो. अर्जात पेपर कुठले भरायचे? जुन्या रचनेत हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण निवडायला फारसे काही नव्हतेच. राज्याने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाची श्रेयांक (क्रेडिट) चौकट आखून दिली. ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. आता अर्जात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे रकानेच रकाने आहेत. निवड आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण निवडीबरोबर तिचे परिणामही आले, आणि ते अठराव्या वर्षी, प्रवेशाच्या रांगेत, मागे उभ्या असलेल्या शंभर जणांची घाई सोसत ठरवायचे आहेत.

मुलांना धीर देणारी एक व्यवस्था आहे, ती म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये तिचे नियम केले. डिजिलॉकरमधून बारा अंकी क्रमांक काढायचा, उत्तीर्ण झालेल्या पेपरांची क्रेडिट महाविद्यालय किंवा विद्यापीठ तिथे जमा करते आणि ती जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. विद्यार्थ्याने स्वतः गुणपत्रक चढवून चालत नाही. नोंद संस्थेकडूनच यावी लागते. हे सगळे ठीक आहे. पण 'बँक' या नावामुळे एक गैरसमज घरोघरी पसरला आहे. सोलापुरात भरलेले पाचशे रुपये ठाण्यात काढले तरी पाचशेच असतात, तसेच क्रेडिटचे असेल असे पालक धरून चालतात. तसे ते नाही. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट नोंद म्हणून तुमच्यासोबत येतात, पण त्यांतली किती आपल्या पदवीत धरायची आणि कुठल्या पेपरच्या जागी धरायची, हे नवे विद्यापीठ ठरवते. नोंद केंद्रीय आहे, निकाल स्थानिक आहे. बदली करायची असलेल्या विद्यार्थ्याने पेपर निवडताना सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावे.

मग कुठले पेपर सहज स्वीकारले जातात? इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषांचे, पर्यावरणाचे, मूल्यशिक्षणाचे पेपर, एनएसएस किंवा एनसीसीची सत्रे यांना सहसा फारशी अडचण येत नाही, कारण सगळ्या विद्यापीठांना ती खाती भरायचीच असतात आणि मजकूरही साधारण जुळतो. ओपन इलेक्टिव्हचेही तसेच. राज्याच्या चौकटीत ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचेच घ्यायचे असते. विज्ञानाच्या मुलीने नाट्यशास्त्राची तोंडओळख घेतली आणि नव्या महाविद्यालयात नाट्यशास्त्र नसले, तरी 'शाखेबाहेरचा पेपर' हे खाते भरलेले असते. तिथे हट्ट धरण्यासारखे नव्या विद्यापीठाला फारसे काही नसते.

अडते ते मेजरमध्ये आणि मायनरमध्ये. मायनर १८ ते २० क्रेडिटचा असतो. तो दोन-तीन वर्षे एकाच विषयात उभा करायचा असतो, आणि तो विषय नव्या महाविद्यालयात शिकवलाच जात नसेल तर आधीची क्रेडिट अर्धवट बांधलेल्या भिंतीसारखी पडून राहतात. मेजरचे दुखणे याहून खोल आहे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकवून दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर करायचा असतो. काही ठिकाणी पहिल्या सत्रापासूनच मेजर ठरलेला. पहिल्या प्रकारच्या विद्यापीठातून दुसऱ्या प्रकारच्या विद्यापीठात गेलेल्या मुलाकडे मेजरची क्रेडिट कमी भरतात. त्यात त्याचा दोष नसतो आणि त्याचा अभ्यासही कमी पडलेला नसतो.

हे जवळून पाहायचे तर रसायनशास्त्राचे उदाहरण घ्यावे. समजा, एका विद्यापीठात बीएस्सीच्या पहिल्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स आहे आणि स्टिरिओकेमिस्ट्री दुसऱ्या वर्षी. दुसऱ्या विद्यापीठात नेमके उलटे. दोन्ही अभ्यासक्रम चांगले आहेत, दोन वर्षे मिळून दोन्हीकडे तेच शिकवले जाते. पण पहिले वर्ष इकडे आणि दुसरे तिकडे करणाऱ्या मुलीला थर्मोडायनॅमिक्स दोनदा शिकावे लागते आणि स्टिरिओकेमिस्ट्री एकदाही वाट्याला येत नाही. पुढे सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया कशा घडतात हे शिकवताना शिक्षक गृहीत धरतात की रेणूची त्रिमितीय मांडणी मुलांना येते. ही मुलगी मागच्या बाकावर बसून ती गृहीतके शोधत बसते. तिच्या गुणपत्रकावर 'केमिस्ट्री पेपर १' आणि 'प्रॅक्टिकल' एवढेच छापलेले असते. त्या प्रॅक्टिकलमध्ये टायट्रेशन झाले की क्षारांचे पृथक्करण, हे गुणपत्रक सांगत नाही. ते सांगते सही-शिक्क्याचे जर्नल, आणि ते बऱ्याचदा परीक्षा संपली की रद्दीत जाते. वाणिज्य शाखेतही हाच प्रकार. 'फायनान्शियल अकाउंटिंग' हे नाव दोन्हीकडे तेच. एकीकडे भागीदारीचे हिशेब, दुसरीकडे शाखांचे आणि कन्साइनमेंटचे. पेपरच्या नावावर विसंबून कुणी निवड करू नये, ती घटकांच्या यादीवरून करावी.

क्रेडिट मान्य झाले म्हणजे पाया झाला असेही नाही, आणि याचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेल्या मुलांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पहिले वर्ष त्यांना माफ असते. नियमाने सगळे नीट आहे. मग तिसऱ्या सत्रात एम-थ्री समोर येतो. हा गणिताचा पेपर पहिल्या वर्षाच्या दोन गणितांवर उभा असतो, आणि ती दोन्ही या मुलांनी अभियांत्रिकीच्या वर्गात केलेली नसतात. पदविकेत कलनशास्त्र शिकवतात, पण ते वेगळ्या गरजेसाठी आणि वेगळ्या खोलीपर्यंत. कार्यशाळेत, यंत्रावर, ड्रॉइंगमध्ये बारावीहून आलेल्या मुलांच्या पुढे असलेली ही मुले एम-थ्रीच्या एटीकेटीत अडकतात. व्यवस्थेने त्यांना वर्ष माफ केले, ते वर्ष भरून काढण्याची सोय मात्र तेवढ्या मनापासून केली नाही. विद्यापीठ बदलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला याची छोटी आवृत्ती येऊ शकते. म्हणून निवड करताना प्रश्न दोन विचारायला हवेत. हा पेपर तिकडे मानतील का, हा एक. आणि तिकडच्या पुढच्या पेपरसाठी जे लागते ते या पेपरात मिळेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कार्यालय देते, दुसऱ्याचे फक्त विषयाचा शिक्षक देऊ शकतो.

आता निवडीचा सल्ला. तो दोन टोकांनी दिला जातो आणि दोन्ही टोकांत तथ्य आहे. एक बाजू म्हणते, जायचेच आहे तर जिथे जायचे तिथला अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवून एकेक पेपर घ्या. इथले वेगळे, खास असे काही घेऊ नका. सगळीकडे मिळते तेच घ्या. हा सल्ला व्यवहारी आहे. ज्याच्या घरात एक वर्ष वाया जाणे म्हणजे धाकट्या बहिणीचे शिक्षण लांबणे, त्याला तो पाळावाच लागतो. दुसरी बाजू म्हणते, बदली होईल याचा भरवसा काय? जागा रिकामी राहायला हवी, मागचे सगळे पेपर सुटलेले असायला हवेत, दोन्ही विद्यापीठांची कागदपत्रे वेळेत मिळायला हवीत. एवढे सगळे जुळले नाही आणि मूल आहे तिथेच राहिले, तर न झालेल्या बदलीपायी त्याने तीन वर्षे बेचव करून घेतलेली असतात. शिवाय प्रत्येक विद्यापीठात आपल्या मातीतले काही चांगले असते. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात जंगल आणि आदिवासी समाज यांचा अभ्यास जसा होऊ शकतो तसा चर्चगेटला होणार नाही. कोल्हापूरच्या मुलाने साखर उद्योग आणि सहकार तिथेच राहून शिकण्यात जे आहे ते पुस्तकात नाही. जायचे आहे म्हणून हे सारे सोडून द्यायचे?

आमचा कौल सरसकट एका बाजूला नाही, पण संदिग्धही नाही. मेजरमध्ये सावध राहावे आणि बाकी ठिकाणी मोकळे. मेजरचे पेपर, आणि मेजरला जोडलेले कौशल्याचे पेपर, जिथे जायचे तिथली घटकांची यादी शेजारी ठेवून घ्यावेत. पर्याय असेल तर आवडता पण सुटा पेपर मागे ठेवून पायाभूत पेपर आधी करावा. आवडता पुढच्या सत्रात घेता येतो. मायनर असा निवडावा की तो दोन्हीकडे शिकवला जातो याची खात्री झालेली आहे, मग तो मनातला दुसऱ्या क्रमांकाचा विषय असला तरी चालेल. ओपन इलेक्टिव्ह मात्र खुशाल मनाजोगे घ्यावे, आपल्या गावाचे, आपल्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य असलेले घ्यावे. तिथे बदलीचा हिशेब लावत बसण्याची गरज नाही. अशा निवडीत बदली झाली तर फारसे बुडत नाही आणि नाही झाली तरी शिक्षण पोकळ राहत नाही.

केव्हा जायचे, हाही निवडीचाच भाग आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. अकॅडेमिक बँकेच्या नियमांत पदवी देणाऱ्या संस्थेकडे निदान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत अशी अट आहे. तीन वर्षांची पदवी राज्याच्या चौकटीत १२० ते १३२ क्रेडिटची. दोन वर्षे एकीकडे काढली की ८० ते ८८ क्रेडिट तिथेच झाली. उरते एक तृतीयांश. त्या नियमाच्या हिशेबाने तिसऱ्या वर्षाची बदली अडचणीत येते, चार वर्षांच्या पदवीत मात्र तीच बदली बरोबर निम्म्यावर बसते. म्हणजे तीन वर्षांची पदवी घेणाऱ्याने जायचेच तर पहिल्या वर्षानंतर जावे, आणि पहिल्या वर्षाचे पेपर त्याच बेताने निवडावेत. 'आधी दोन वर्षे होऊ देत, मग बघू' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी इथे तो महागात पडतो. एखादा पायाभूत पेपर राहिलाच तर स्वयम् मंचावरून तो करता येतो. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत पेपर तिथून करण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे. पण तो पेपर आपण धरू, असे नव्या महाविद्यालयाकडून आधी लेखी घ्यावे.

विद्यापीठांची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण ती निव्वळ आडमुठेपणाची नाही. पदवीवर ज्यांचे नाव छापले जाते त्यांना त्या पदवीत काय आहे हे ठरवण्याचा अधिकार हवाच. अभ्यास मंडळे त्यासाठीच असतात. बाहेरून आलेले प्रत्येक क्रेडिट डोळे झाकून धरले, तर जिथे पेपर सोपे तिथे वर्ष काढायचे आणि जिथे नाव मोठे तिथून पदवी घ्यायची, अशी वाट पडेल. पुन्हा मूल्यमापनाची प्रमाणेही वेगळी आहेत. अंतर्गत गुणांचे वजन कुठे जास्त, कुठे कमी, त्यामुळे एकाच सीजीपीएचा अर्थ दोन ठिकाणी सारखा नसतो. स्वायत्ततेने यात भर घातली आहे. एकाच विद्यापीठाच्या छत्राखालच्या, एकाच रस्त्यावरच्या दोन स्वायत्त महाविद्यालयांत आता अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम लावा, ही मागणी मात्र आम्हाला मान्य नाही. तसे केले तर बदली सोपी होईल आणि विद्यापीठे एकसुरी होतील. वर उल्लेखिलेला सहकाराचा किंवा जंगलाचा पेपर सगळ्यात आधी कापला जाईल.

पण अभ्यासक्रम वेगळे ठेवूनही विद्यार्थ्याला आधी सांगता येते. कॅलिफोर्नियात हे वर्षानुवर्षे चालले आहे. तिथली शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजे आणि राज्याची सार्वजनिक विद्यापीठे यांच्यातले करार 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहेत. अमुक कॉलेजातला अमुक क्रमांकाचा गणिताचा पेपर तमुक विद्यापीठात कुठल्या पेपरच्या जागी धरला जातो, हे ओळीने दिलेले असते. बे एरियातल्या मराठी घरांतली मुलेही क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात दोन वर्षे काढून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जातात, तेव्हा हीच यादी समोर ठेवून सत्र आखतात. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. एकाच विद्यापीठाच्या एका कॅम्पसला जो पेपर आधी हवा असतो तो दुसऱ्याला नको असतो, आणि चार ठिकाणी अर्ज करणाऱ्याला चारही ठिकाणचे पेपर गोळा करावे लागतात. शिवाय कम्युनिटी कॉलेजाची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटच मोजली जातात. तरी मुलाला आपण कशात उडी घेतो आहोत हे आधी दिसते. आपल्याकडे ते प्रवेश झाल्यावर, पात्रता विभागाच्या खिडकीवर कळते, आणि तेव्हा त्याच्या हातात जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र असते. परतीची वाट बंद झालेली असते.

या अनिश्चिततेची सर्वात मोठी किंमत लग्नानंतर गाव बदलणाऱ्या मुली मोजतात. नव्या चौकटीत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय आहे. ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम केला की प्रमाणपत्र मिळते. ती सोय काहींच्या उपयोगाची असेल. पण ज्या मुलीला शिकायचे आहे तिला 'प्रमाणपत्र तर मिळाले ना' असे म्हणून थांबवण्यासाठी ती वापरली जाईल, ही भीती आम्हाला खरी वाटते. सासरी पाठवताना पुढे शिकवू असे बोलणे झालेले असते. मग नव्या गावच्या महाविद्यालयात तिला सांगतात, तुमचे तीन पेपर जुळत नाहीत, पहिले वर्ष पुन्हा करा. त्या एका वाक्यावर घरातला पाठिंबा ढासळतो, कारण पुन्हा पहिले वर्ष म्हणजे पुन्हा फी आणि घराबाहेर पुन्हा एक वर्ष. क्रेडिट सात वर्षे टिकतात ही गोष्ट अशा घरात कुणीतरी ठामपणे सांगायला हवी. मूल झाल्यावर, ते बालवाडीत जाऊ लागल्यावरही तिला परतता येते. आणि लग्न ठरलेले असेल तर माहेरच्यांनी साखरपुड्याच्या याद्यांबरोबर एक यादी आणखी करावी: सासरच्या गावातल्या महाविद्यालयात तिचा मेजर आहे का, मायनर आहे का, आणि यंदा तिने कुठले पेपर घेतले तर तिकडे चालतील.

विद्यार्थ्याने स्वतः करण्यासारखे थोडेच आहे, पण ते करावे. प्रत्येक पेपरच्या घटकांची यादी त्या त्या सत्रातच महाविद्यालयाच्या शिक्क्यासह घेऊन ठेवावी, कारण अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत संकेतस्थळावरून निघून जाते. जर्नल टाकू नये. क्रेडिट खात्यात जमा झाली का हे निकालानंतर लगेच पाहावे. ती चढवायची राहिली असतील तर तक्रार करायला त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी असतानाच जोर असतो. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती बदलीनंतर चालू राहते का, हे दोन्ही कार्यालयांत विचारावे.

बाकीचे काम विद्यापीठांचे आहे. प्रत्येक अभ्यास मंडळाने शेजारच्या तीन-चार विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाच्या मेजर पेपरांशी आपले पेपर ताडून पाहावेत आणि जुळणारे, अर्धे जुळणारे, न जुळणारे अशी यादी छापावी. अर्ध्या जुळणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांचा पूरक वर्ग ठेवावा. अभ्यासक्रम सगळ्यांचे संकेतस्थळावर आहेत आणि मंडळांच्या बैठका होतच असतात. सगळ्या विद्यापीठांशी एकदम जुळवणी करण्याची गरज नाही. पुणे आणि अहिल्यानगर-नाशिककडून मुंबईकडे, सोलापूर-कोल्हापूरकडून पुण्याकडे, अमरावतीकडून नागपूरकडे, सिंधुदुर्गातून गोव्याकडे, अशा जाण्यायेण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. सुरुवात तिथून करावी. ही यादी बारावीच्या निकालाआधी लागायला हवी. ऑगस्टमध्ये लागली, तर तोवर पेपर भरून झालेले असतात.